मोहरी फुलण्याआधी पेट्यांतील कोळी मोजा

ग्वाल्हेर, मुरैना आणि भिंड पट्ट्यात मोहरीला फुले येण्यास आता जेमतेम तीन आठवडे उरले आहेत आणि बहुतेक मधपाळ पेट्यांसाठी जागा ठरवण्यात गुंतले आहेत. वरोआ, म्हणजे मधमाश्यांना चिकटून जगणारा बारीक परजीवी कोळी, मोजण्याचे काम मात्र कुणी हाती घेतलेले दिसत नाही. चौकट उचलायची, माश्यांच्या पाठीवर काही दिसत नाही म्हणून झाकण लावायचे, या एका सवयीने या भागातील कितीतरी पेट्या रिकाम्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. पिलावा, म्हणजे पोळ्यातील अंडी, अळ्या आणि कोष, वाढत असताना बहुतांश कोळी मेणाने बंद केलेल्या घरांत कोषावर बसलेले असतात. ते पाठीवर दिसू लागतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. गेल्या जानेवारीत एका शेताच्या कडेला पेटीपुढे आखूड, चुरगळलेल्या पंखांच्या माश्या जमिनीवर सरपटत होत्या आणि मालक त्यांना थंडी बाधली असे सांगत होता; खरे तर ती कोळ्यांची खूण होती.

मोजणीसाठी पिलाव्याच्या चौकटीवरील माश्या घ्याव्यात. त्यांत राणी नाही, हे आधी दोनदा पाहावे. अर्धा कप, म्हणजे सुमारे 300 माश्या, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घालून त्यांवर दोन मोठे चमचे पिठीसाखर टाकावी, बरणी मिनिटभर हलक्या हाताने लोळवावी, दोन मिनिटे सावलीत ठेवावी आणि मग जाळीतून साखर पांढऱ्या ताटलीत झटकावी. माश्या परत पेटीत सोडता येतात. साखरेवर पाणी शिंपडले की ती विरघळते आणि खसखशीच्या दाण्याहून जरा मोठे, तांबूस, खेकड्यासारखे चपटे जीव उरतात. आकड्याला 3 ने भागावे. 100 माश्यांमागे 3 कोळी आले तर उपचार हवाच. माझ्या अनुभवाने मात्र मोहरीआधी 2 आले तरी थांबू नये, कारण फुलोऱ्यात पिलाव्याबरोबर कोळीही वाढतात आणि मध भरत असताना औषध घालता येत नाही. सर्वांत जोरकस पेटी आवर्जून तपासावी, कारण तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

ट्रोपिलीलॅप्स हा दुसरा कोळी लांबट आणि चपळ असतो. तो प्रौढ माशीवर फार दिवस तगत नाही, म्हणून साखरेच्या चाचणीत निसटतो. त्यासाठी माश्या झटकलेली पिलाव्याची चौकट पांढऱ्या ताटावर आपटून पाहावी.

दुकानदार न मोजताच महागड्या औषधी पट्ट्यांचे पाकीट पुढे करतो. दरवर्षी तीच पट्टी लावली की कोळी तिला निर्ढावतात. शिफारशीप्रमाणे 85 टक्के फॉर्मिक आम्ल 5 मिली, कापसाची वात लावलेल्या कुपीत भरून तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, ठेवावे, उडेल तसे पुन्हा भरावे आणि सुमारे तीन आठवडे चालू ठेवावे. त्याची वाफ बंद घरांतही शिरते, कोळ्यांवरच वापरल्या जाणाऱ्या ऑक्झॅलिक आम्लाचे तसे नाही. हातमोजे व चष्मा वापरावा. दुपारी ऊन तापत असेल तर राणी दगावते, तेव्हा गारवा येईपर्यंत थांबावे.

इतर कामे: तळपाट खरवडणे, जुनी काळी पोळी काढणे, पाण्याची सोय, दार आखूड करणे.

उपचार संपल्यावर त्याच पेट्यांची पुन्हा साखरेने मोजणी करावी आणि दोन्ही आकडे खडूने झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावेत.