दिवाळी ते होळी, अमळनेरच्या धुरात दम्याचं माणूस कसं सांभाळायचं

प्रताप मिलचा भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली, आणि आपल्याकडे लोकांना अजून वाटतं की गिरणी गेली म्हणजे धूर पण गेला. तसं नाहीये हो. गिरणीचा धूर निदान उंच चिमणीतून वर तरी जायचा, आता तो निघतो गुडघ्याएवढ्या उंचीवरून, दारापुढच्या शेकोटीतून, बंबातून, कोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्यातून, गावाबाहेरच्या वीटभट्टीतून, शेतात जाळलेल्या पऱ्हाटीतून (म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांतून), आणि तो सरळ आपल्या नाकातोंडात जातो. माझ्या आईला दमा आहे, तिच्या पायी जे शिकलो ते लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच आहे. आपल्याकडे थंडीत रात्री आभाळ मोकळं असतं, वारा पडलेला असतो, जमीन पटापट गार होते आणि तिला लागून असलेली हवा पण गार आणि जड होते, वर मात्र त्यापेक्षा उबदार हवेचा थर बसतो, झाकण ठेवल्यासारखा. मग धूर चढतच नाही. पहाटे बोरी नदीच्या पुलावर थांबून बघा, धूर आडवा पसरलेला दिसेल. ऊन वर आलं, जमीन तापली की साधारण ९-१० नंतर तो सुटायला लागतो. धुक्याला जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल तर ते नुसतं धुकं नाही.

म्हणून पहाटे साडेपाचला फिरायला जाणाऱ्यांनो, थंडीपुरतं ते सोडा, ऊन अंगावर आल्यावर जा. खिडक्या सकाळी सकाळी सताड उघडायची आपली सवय असते ना, ती पण बदला, ११ ते ४ उघड्या ठेवा आणि दिवेलागणीच्या आत लावून घ्या. पण हे नीट ऐका, घरात चूल, शेगडी, काही पेटलेलं असेल तर खिडकी बंद करायची नाही, आणि बंद खोलीत शेगडी घेऊन झोपायचं तर अजिबात नाही, शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

बंबाचं सांगतो. आमचा बंब न्हाणीच्या दाराशी होता, आई पेटवायला दुधाची रिकामी पिशवी घालायची, लगेच धरतं म्हणून. काळा धूर यायचा आणि मग दिवसभर खोकला. आता बंब मागच्या अंगणात आहे, पेटवायला नारळाच्या शेंड्या, आणि लाकडं आठ दिवस उन्हात वाळवलेली. ओल्या लाकडाचा धूर जास्त होतो, एवढं जरी पाळलं तरी फरक पडतो.

हवा किती खराब आहे ते सांगणाऱ्या सरकारी समीर ॲपवर जळगावच्या हवेचा आकडा (एक्यूआय) दिसतो, पण ते ५०-६० किलोमीटर लांब आहे, त्यावरून आपल्या गल्लीचा फक्त अंदाज घ्या. २०० च्या वर हवा खराब धरतात, पण दम्याच्या माणसाला १०० च्या पुढेच त्रास व्हायला लागतो. रुमाल किंवा उपरणं बांधून धूळ थोडी अडते, बारीक धूर नाही अडत, त्याला एन९५ मास्कच लागतो आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे.

दम्याचा रोजचा पंप बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, थंडी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना दाखवून घ्या. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग पंप एकदा दाबत त्याच वेळी सावकाश श्वास आत ओढायचा आणि १० सेकंद धरायचा. त्यानंतर चूळ भरायची. आई किती तरी दिवस पंप तोंडात मारून लगेच श्वास सोडून द्यायची, औषध आत जातच नव्हतं, आणि आम्ही म्हणायचो गुण येत नाही.

शेतकरी भाऊंना एकच विनंती. कापसावरची बोंडअळी आटोक्यात राहावी म्हणून पऱ्हाटी वेळेत काढायलाच हवी, ते बरोबरच आहे, पण बांधावर पेटवण्यापेक्षा श्रेडरने बारीक करून घ्या, खत होतं. भरताच्या पार्टीला कोणी नाही म्हणत नाही, काड्यांवर भाजलेल्या वांग्याशिवाय खानदेशचा हिवाळा कसला, फक्त ती दुपारी आणि शेतात करा, रात्री गल्लीत नको.

कचरा पेटवला तर ५,००० रुपये दंड आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ठरवून दिलाय. पण आधी जाऊन बोला. आमच्या कोपऱ्यावर रोज जाळायचे, विचारलं तर कळलं की घंटागाडी त्या बोळात येतच नव्हती. चार घरांनी मिळून अर्ज दिला, पाठपुरावा केला, गाडी यायला लागली, आणि जाळणं आपोआप थांबलं.

होळीनंतर धूर कमी होतो आणि धुळीचे दिवस लागतात, तेव्हा अंगणात आधी पाणी शिंपडा, मग झाडा.