तुमचं लॅबमधलं टूल बाहेरच्या माणसाला वापरता यावं म्हणून काय करायचं

आपण एखादी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहितो किंवा मोजायची पद्धत बसवतो, ती आपल्याला पाठ असते, मग कुणीतरी म्हणतं मलाही दे ना वापरायला, आणि बरेच जण लगेच त्यावर छान स्क्रीन चढवायला बसतात. माझं स्पष्ट मत आहे की बटणं सगळ्यात शेवटी करा. आधी हे ठरवा, की काही चुकलं तर वापरणाऱ्याला ते कळणार कसं?

प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी बघा. घरी करायचं किट १९७० च्या दशकात आलं तेव्हा टेस्ट ट्यूब, ड्रॉपर, खाली आरसा आणि दोन तास अजिबात न हलवता ठेवायचं असा सगळा व्याप होता, आज एक पट्टी आणि काही मिनिटं. पण मला त्यातली सगळ्यात भारी वाटते ती कंट्रोलची रेघ. ती उमटलीच नाही तर टेस्ट बाद, बाकी काहीही दिसो. अँटिबॉडी म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसालासुद्धा हे समजतं. तुमच्या टूलची अशी रेघ कुठली, ते पहिल्यांदा शोधा. सोपा उपाय म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला एक छोटा नमुना डेटा सोबत द्या, तो चालवून तेच उत्तर आलं तरच पुढे जायचं.

मग इनपुट. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात हो. एक्सेल मार्च१, सेप्ट२ अशा जनुकांच्या नावांच्या चक्क तारखा करायचं, इतकं की शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनेच ती बदलून मार्चएफ१, सेप्टिन२ केली! म्हणजे तज्ज्ञांच्या फायलीतही हे होत होतं. म्हणून फाइल घेतली की पहिल्या पाच ओळी दाखवा आणि विचारा, मी हे असं वाचलंय, बरोबर आहे का. प्रत्येक चौकटीशेजारी एकक लिहा. पीएच (आम्लतेचा आकडा) ७.४ ऐवजी ७४ टाकला तर टूलने तिथेच थांबायला हवं. माझ्या एका जुन्या स्क्रिप्टने रिकाम्या जागा शून्य धरल्या होत्या, सरासरी खाली आली आणि ग्राफ व्यवस्थित दिसत होता म्हणून कितीतरी दिवस कुणाला पत्ताच नाही, तेव्हापासून मी रिकाम्या जागा मोजून आकडा निकालाच्या वरच छापते.

प्रश्न त्यांच्या शब्दांत विचारा. २००७ मध्ये गॅलेक्सी झू ही सामान्य लोकांकडून दीर्घिकांचे फोटो ओळखून घेणारी वेबसाइट सुरू झाली तेव्हा लोकांना खगोलशास्त्र शिकवत बसले नाहीत, फोटो दाखवून विचारलं की ही दीर्घिका गोलसर आहे का सर्पिल, आणि सर्पिल असेल तर कुठल्या दिशेने फिरतेय. एकच फोटो पुष्कळ जणांकडून तपासून घेतला म्हणून एकट्यादुकट्याची चूक विरून गेली. शिवाय काही फोटो आरशासारखे उलटे करून दाखवले आणि त्यातून कळलं की माणसाची नजरच एका दिशेकडे जरा झुकते. लोकांवर भरवसा ठेवायचा आणि तपासायचंही, हे मला फार आवडतं.

सेटिंग तीस असतील तर समोर तीनच ठेवा, जी वापरणाऱ्याच्या नमुन्यावर अवलंबून आहेत ती. बाकीची आत ठेवा, पण कुठली किंमत वापरली ते निकालात व्हर्जन नंबरसकट छापा. इन्स्टॉल करायला लावू नका, ब्राउझरमध्ये चालत असेल तर उत्तम.

एरर मेसेज हाताने लिहा. 'व्हॅल्यू एरर' वाचून कोण काय करणार? 'तिसऱ्या कॉलममध्ये १२ व्या ओळीत आकडा हवा होता, तिथे शब्द आहे' असं लिहिलं की माणूस स्वतः दुरुस्त करतो. आणि डेटा अपुरा असेल तर 'यावरून सांगता येत नाही' हेही उत्तर टूलला देता यायला हवं, ओढूनताणून आकडा काढू नका.

हे झालं की विषय माहीत नसलेल्या एकाला समोर बसवा आणि तुम्ही गप्प बसा, माउसला हात लावायचा नाही, तो अडखळला तरी नाही. जिथे थांबला ते लिहून घ्या, दुरुस्त करा आणि पुढच्या वेळी नवा माणूस बसवा, कारण पहिल्याला आता टूल माहीत झालेलं असतं.