एल्कच्या शिकारीला निघताय? गोळी लागल्यानंतरच्या या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पहिल्यांदा एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघालेली माणसं महिनोन्‌महिने रायफल, दुर्बीण आणि बूट यांवर बोलतात. जनावर पडल्यावर काय करायचं, हा विषय कुणी काढत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हे शिकवणारं घरातही कुणी नसतं. मी ते मांस वाया घालवून शिकलो.

पहिल्या वर्षी आम्हा दोघांना संध्याकाळी उशिरा, दरीच्या तळाशी एक मादी मिळाली. गाडी वरच्या रस्त्यावर, लांब. अंधार पडला होता, थंडी चांगलीच होती, म्हणून जनावराचं पोट फाडून आतडी काढली आणि बाकीचं सकाळवर टाकलं. सकाळी कातडं सोललं तर मागच्या फऱ्याच्या खुब्याजवळ मांस अजून कोमट होतं आणि वास सुटला होता. एका जीवाचं मांस माझ्या आळसामुळे फुकट गेलं, हे मला आजही लागतं.

एल्कचं कातडं जाड, त्यावर दाट केस. बाहेर पाणी गोठत असलं तरी आतली ऊब हाडाजवळ तासन्‌तास कोंडून राहते. म्हणून रात्र असो वा दिवस, कातडं लगेच सोला, चारही फरे वेगळे करा, विरळ विणीच्या कापडी पिशव्यांत भरा आणि सावलीत, चारही बाजूंनी वारा लागेल असे फांदीला टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत ऊब आणि ओल दोन्ही कोंडतात. दोन धारदार सुऱ्या, दोर आणि डोक्याला लावायची बॅटरी पाठीवरच्या पिशवीत हवीच. तंबूत राहिली तर उपयोग नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. नर की मादी हे दाखवणारा अवयवही मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच राहायला हवा. घाईत तो कापून टाकणारे खूप.

दुसरी चूक हिशेबाची. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. हाडं काढली तरी शंभर किलोच्या आसपास मांस उरतं. एकट्याने खेपेला २५ किलो उचललं तरी चार खेपा. गाडी ५ किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ३५ किलोमीटर चाल झाली, त्यातली २० ओझ्यासह, आणि तीही ३,००० मीटर उंचीवर. वेमिनूचसारख्या ‘वाइल्डरनेस’ म्हणून कायद्याने राखलेल्या रानात १९६४च्या कायद्यामुळे मोटारच काय, चाकाची हातगाडीही चालत नाही. पाठ तरी हवी, नाहीतर घोडे किंवा खेचरं. तेव्हा घरी नकाशा उघडून ‘यापलीकडे गोळी झाडायची नाही’ अशी रेघ मारा. जवळपास खेचरवाला कोण आहे, तो त्या आठवड्यात मोकळा आहे का, हेही आधीच विचारून ठेवा.

सराव त्याच बेताने करा. सपाटीवर पळून दम वाढतो, पण ओझं घेऊन उतरताना गुडघे वेगळंच काहीतरी मागतात. २० किलोची पिशवी घेऊन चढ-उतार करा, आणि दम लागलेला असताना नेम धरायचा सराव करा.

डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे आणि एल्क त्याहून किती तरी वर. थेट समुद्रकाठच्या शहरातून येणाऱ्यांनी आधी दोन दिवस मधल्या उंचीवर काढावेत. डोकेदुखी आणि मळमळ वाढत चालली तर खाली उतरा, शिकार राहिली तरी चालेल. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा. ओले झाले की अंगातली ऊब ओढून घेतात.

वाऱ्याबद्दल एवढंच: पहाटे हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर, संध्याकाळी पुन्हा खाली. पहाटे वरून खाली येत एल्क गाठायला जाल, तर तुमचा वास तुमच्याआधी पोचेल.

कागदपत्रांत, १ जानेवारी १९४९ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. एच-वन-बी व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे; तेव्हा आधी परवाना, मग बंदुकीला हात. रायफलच्या हंगामात भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे हवेत, कमरेच्या वरच्या अंगावर किमान ५०० चौरस इंच आणि शिवाय त्याच रंगाची टोपी.

संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात, खोल दरीत एल्क दिसला की मी आता आधी गाडीच्या दिशेने बघतो. रात्रभर सोलायला आणि पहाटे पहिली खेप न्यायला जोर नसेल, तर बोट ट्रिगरवर नेत नाही. आणि गाडीत बर्फाने भरलेले दोन मोठे कूलर तयार असतात, कारण चौथी खेप येईपर्यंत पहिल्या खेपेचं मांस उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहता कामा नये.