इंग्रजी मेजरवाल्यांनो, ओजेटीचे 4 क्रेडिट असे मिळवा

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग: अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेरच्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायचं आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळवायचे. ज्यांचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, इंग्रजी आहे त्यांना मात्र ऐकायला मिळतं: “इंग्रजीवाल्यांना कोण कामावर घेणार? कुठल्यातरी क्लासमधून सर्टिफिकेट आणून जोडा.” हा सल्ला दरवर्षी कुणीतरी देतंच, आणि दरवर्षी काही चांगली मुलं तो ऐकतात. कृपा करून ऐकू नका. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट लिहिणाऱ्या माणसाची गरज तालुक्याच्या गावातही असते. ती गरज शोधायची कशी आणि कॉलेजच्या चौकटीत बसवायची कशी, एवढाच प्रश्न आहे.

आधी हिशेब. महाराष्ट्र शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयातल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात ओजेटीला 4 क्रेडिट आहेत: तीन वर्षांच्या पदवीला सहाव्या सत्रात, एम.ए.ला दुसऱ्या सत्रात. विद्यापीठागणिक सत्र मागे-पुढे होऊ शकतं, तेव्हा आपला अभ्यासक्रम उघडून बघा. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे एकूण 120 तास. रोज चार तास धरले तर कामाचे 30 दिवस. परीक्षेच्या तोंडावर हे बसत नाही, म्हणून जागा आधीच्या सत्रातच शोधा.

जागा कुठे शोधायची? पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातले प्रकाशक आहेत, त्यांना मुद्रितशोधन करणारं माणूस लागतं. पण पुण्या-मुंबईला जायलाच हवं असं नाही. कोल्हापूरचे फाउंड्रीवाले माल परदेशी पाठवतात, तासगावचा बेदाणा निर्यात होतो. त्यांना माहितीपत्रकं आणि ईमेल इंग्रजीत लागतात. सामाजिक संस्थांना वार्षिक अहवाल लागतो, रुग्णालयांना रुग्णांसाठी दोन्ही भाषांत सूचनापत्रकं लागतात. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन प्रत्यक्ष जा. नुसत्या ईमेलला उत्तर क्वचितच येतं.

आता खरी अडचण. “या उद्यापासून, काम बघू नंतर,” असं मालक म्हणतात आणि मुलं आनंदाने रुजू होतात. क्रेडिट जातात ते इथेच. मालकाचा यात दोष नसतो. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला काय द्यायचं हे त्यांना माहीतच नसतं, म्हणून ते बिलांच्या नोंदी नाहीतर फोन घेण्याचं काम देतात. महिन्याभराने प्रमाणपत्र येतं, कॉलेजमधले मार्गदर्शक विचारतात, “यात इंग्रजी कुठे आहे?” आणि विद्यार्थी गप्प. मार्गदर्शन करायला लागले तेव्हा मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली. आता माझा नियम पक्का आहे: कामाचा आराखडा लेखी मंजूर झाल्याशिवाय एक तासही मोजायचा नाही.

हा आराखडा मालकाकडे मागू नका, स्वतः लिहून न्या. एक पान पुरे. त्यात चार गोष्टी हव्यात: कुठल्या मजकुरावर काम करणार, तो किती, रोज तपासणार कोण, आणि शेवटी हातात काय उरणार. “कंटेंट रायटिंग” असं मोघम लिहू नका. “बेदाण्याच्या चार दर्जांची इंग्रजी माहितीपत्रकं, ग्राहकांच्या नेहमीच्या प्रश्नांना उत्तरांचे दहा नमुने, जुन्या वेबसाइटच्या मजकुराचं संपादन” असं लिहा. मालकाला वाचल्याबरोबर कळतं की याचा आपल्याला उपयोग आहे. मग त्यावर संस्थेचा सही-शिक्का आणि कॉलेजच्या मार्गदर्शकांची सही घ्या, तारखेसकट. रुजू होण्याची तारीख या तारखेनंतरचीच असली पाहिजे.

पैसे भरून मिळणारी इंटर्नशिप घेऊ नका. मित्रांना कोर्स विकायला लावणारी “कॅम्पस अँबॅसडर”गिरी तर मुळीच नको. त्यातून तुमच्या विषयाचं काहीच हाताला लागत नाही.

रोजची डायरी त्याच संध्याकाळी लिहा. “आज भाषांतर केले” ही नोंद निरुपयोगी आहे. “पत्रकातली विशेषणं साहेबांनी काढायला लावली, खरेदीदाराला दाण्याचा आकार आणि ओलाव्याचं प्रमाण आधी हवं असतं. परिच्छेदाचा क्रम बदलून पुन्हा लिहिला. 11 ते 3” ही नोंद चालते, कारण यातून शिकलेलं दिसतं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, प्रश्नही अशाच नोंदींवर येतात. पहिला मसुदा, त्यावरच्या लाल खुणा आणि शेवटची प्रत असे तिन्ही कागद जपा. अहवालाला जोडण्याआधी संस्थेची परवानगी घ्या. आणि त्यांचा मजकूर न विचारता कुठल्याही भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकू नका. दर आणि ग्राहकांची नावं ही त्यांची खाजगी माहिती आहे.

अहवाल डायरीवरून दोन दिवसांत होतो. पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रावर तास आकड्यात लिहून घ्या. “एक महिना” चालत नाही.

शेवटी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात ती सोय. तिचा आयडी डिजिलॉकरवरून निघतो. आधारवरचं नाव आणि कॉलेजातलं नाव यांत फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. निकालानंतर तिथल्या आपल्या खात्यात जाऊन 4 क्रेडिट जमा झालेत का ते बघा. दिसत नसतील तर आराखडा, हजेरी आणि प्रमाणपत्राच्या झेरॉक्स घेऊन परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.