आवडत्या कादंबरीवरची मालिका पाहताना

अप्पा बळवंत चौकातून आणलेली, वाचून वाचून कडा झिजलेली प्रत मालिका सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा वाचू नये, कारण आठवण ताजी असली की गाळलेले प्रत्येक वाक्य टोचत राहते. पहिला भाग सलग पाहावा, पुस्तक त्यानंतर उघडावे.

फरक दिसला की त्याचे कारण शोधावे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या १९९६ सालच्या कादंबरीतील प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून उलगडते, तर तिच्यावर २०११ साली आलेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाला १० भाग मिळाले, आणि कॅमेऱ्याला मनातले ऐकू येत नाही. कथेतला तरुण राजा रॉब स्टार्क याच्या नजरेतून या कादंबरीपासून सुरू झालेल्या कादंबरीमालेत एकही प्रकरण नाही. त्याच्या लग्नाची वार्ता आपल्याला त्याच्या आईबरोबरच कळते. मालिकेने त्याचे प्रेम समोर घडवले आणि वधूही बदलली. हा बदल मला आजही खटकतो, कारण पुस्तकात तो त्या मुलीची अब्रू राखण्यासाठी लग्न करतो आणि त्या निर्णयात त्याच्या वडिलांचा स्वभाव स्पष्ट दिसतो.

सोबत पुस्तक न वाचलेले कोणी बसले असेल, तर पुढे काय घडणार हे आपल्या चेहऱ्यावरही दिसू देऊ नये.