व्हेस्टिब्युलेक्टमीचा नमुना: टाक्यापासून रिपोर्टपर्यंत

योनिमुखाच्या आसपास किमान ३ महिने टिकलेली आणि ठोस कारण न सापडणारी वेदना म्हणजे व्हल्व्होडिनिया. ही व्याख्या २०१५ साली ठरली. काही स्त्रियांना फक्त व्हेस्टिब्यूलवर, म्हणजे हायमेन (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) आणि हार्टची रेषा (जिथे ओलसर आस्तर संपून बाहेरची त्वचा सुरू होते) यांमधल्या ओलसर पट्ट्यावर, हात लागला तरी आग होते. मलमे, गोळ्या आणि श्रोणितळाच्या (ओटीपोटाच्या तळाच्या) स्नायूंची फिजिओथेरपी करूनही फरक पडला नाही, की हा पट्टा काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे व्हेस्टिब्युलेक्टमी, पुढे येते. मग लॅबमध्ये काढलेल्या ऊतीची डबी येते आणि फॉर्मवर बहुधा एवढेच असते: ‘व्हल्व्हा, पेन’. एवढ्या माहितीवर चांगला रिपोर्ट लिहिता येत नाही.

म्हणून सुरुवात सर्जनपासून. फॉर्मवर वय, पाळी बंद झाली आहे का, गर्भनिरोधक गोळ्या, आधीची प्रसूती व तिथले टाके, आणि स्टिरॉइड मलम कधीपर्यंत लावले हे लिहावे. स्टिरॉइडने दाह झाकला जातो. वेदना पहिल्या स्पर्शापासूनच होती की काही वर्षे सुखाची गेल्यावर सुरू झाली, हेही हवे. पहिल्या प्रकारात चेतातंतूंची वाढ जास्त ठळक असू शकते. कापसाच्या बोळ्याने तपासताना कुठे दुखले ते घड्याळाच्या आकड्यांत द्यावे. मूत्रमार्गाच्या बाजूला १२, गुदद्वाराच्या बाजूला ६, आणि ३ म्हणजे स्त्रीची डावी बाजू. नमुन्यावर ६ ला आखूड टाका, ३ च्या बाजूला लांब टाका घालावा. काप सुरीने घ्यावा. कॉटरीने (विजेने तापवलेल्या उपकरणाने) कडा भाजल्या की त्या भागातली केंद्रके लांबट, काळपट होतात आणि काहीच सांगता येत नाही. नमुना घेण्याआधी भूल तिथेच टोचली असेल तर ऊतीत पाणी भरल्यासारखे दिसते. त्याला आजार समजू नये.

काढलेल्या ऊतीची पट्टी पातळ असते. सरळ फॉर्मालिनमध्ये टाकली की आतल्या बाजूला गुंडाळते, काप तिरका जातो, आस्तर खोटेच जाड दिसते आणि खालच्या बोटांसारख्या अंकुरातले चेतातंतू आस्तरात शिरल्यासारखे भासतात. या एका चुकीमुळे पुढची सगळी मोजणी वाया जाते. त्यामुळे आस्तराची बाजू वर ठेवून पट्टी कॉर्कवर किंवा थर्मोकोलवर टाचण्यांनी ताणून लावावी, न ओढता, आणि मग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये २४ तास ठेवावी. फॉर्मालिन ऊतीच्या १५ ते २० पट हवे.

ग्रॉसिंग करताना, म्हणजे नमुना डोळ्यांनी तपासून कापताना, बाहेरच्या कडेला एक रंगाची शाई, हायमेनच्या कडेला दुसरी. दोन्ही कडा एकाच तुकड्यात याव्यात असे ३ मिलिमीटरचे आडवे काप घ्यावेत आणि कॅसेटवर (तुकडे ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीवर) घड्याळाचा आकडा लिहावा. पट्टी छोटी असते, तेव्हा सगळीच घालावी. मेणाचा ब्लॉक ओतताना तुकडा कडेवर उभा राहील याची टेक्निशियनला आठवण करून द्यावी. स्लाइडसाठीचे काप ४ मायक्रॉनचे. पहिल्याच बैठकीत काही न रंगवलेल्या स्लाइड राखून ठेवाव्यात, नाहीतर विशेष रंगांसाठी ब्लॉक पुन्हा घासताना ऊती संपते.

आता सूक्ष्मदर्शकाखाली. हायमेनकडचे आस्तर केराटिन नसलेले, ग्लायकोजेनने भरलेले असते. या फिकट पेशींना कॉइलोसाइट (एचपीव्ही या विषाणूने बदललेल्या पेशी) समजून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अनेक स्त्रियांना एचपीव्हीचे निदान चिकटवले गेले. केंद्रक सुरकुतलेले, गडद, कधी दोन असे नसेल तर एचपीव्ही लिहू नये. मऊ, सारख्या आकाराचे अंकुर ही व्हेस्टिब्यूलची नैसर्गिक ठेवण असू शकते.

आस्तराखाली लिम्फोसाइट (दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसतील, थोड्या प्लाझ्मा पेशीही, लहान ग्रंथींच्या नळ्यांभोवती जास्त. १९८७ साली फ्रेडरिक यांनी या आजाराला ‘व्हेस्टिब्युलायटिस’, म्हणजे व्हेस्टिब्यूलचा दाह, म्हटले, पण अशा पेशी वेदना नसलेल्या स्त्रियांतही सापडतात. म्हणूनच ते नाव मागे पडले. न्यूट्रोफिल (संसर्गात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) बरेच दिसले तर मात्र पीएएस रंग लावून कँडिडा ही बुरशी शोधावी. ग्रंथीच्या नळीतले स्क्वेमस मेटाप्लेशिया (नळीच्या पेशींच्या जागी चपट्या पेशी येणे) नुसते नोंदवावे.

खरी माहिती एच अँड ई या रोजच्या साध्या रंगात दिसत नाही. १९९८ साली स्वीडनमध्ये नीना बोम-स्टार्के यांच्या गटाने आस्तरातच चेतातंतू वाढल्याचे दाखवले. त्यासाठी पीजीपी ९.५, ही चेतातंतू दाखवणारी विशेष रंगखूण, लावावी. एस-१०० पुरेसे नाही, कारण ते श्वान (Schwann) पेशी, म्हणजे चेतातंतूंचे आवरण बनवणाऱ्या पेशी, दाखवते आणि आस्तरातल्या उघड्या टोकांवर ते आवरण नसते. शिवाय तिथल्या लँगरहान्स पेशीही (प्रतिकारशक्तीच्या पेशी) त्याने रंगतात. २००४ साली इस्रायलमधल्या याकोव बोर्नस्टाइन यांच्या गटाने तंतूंच्या वाढीबरोबर मास्ट पेशींकडे (हिस्टामिन सोडणाऱ्या प्रतिकार पेशी) लक्ष वेधले. त्या सीडी११७ या रंगखुणेने किंवा जिम्सा रंगाने दिसतात. सीडी११७ मेलॅनोसाइटही (त्वचेला रंग देणाऱ्या पेशी) रंगवते, त्यामुळे तळथरातल्या पेशी सोडून आस्तराखालच्याच मोजाव्यात.

मोजणी चौरस मिलिमीटरमागे द्यावी. ‘एका हाय पॉवर फील्डमध्ये इतक्या’ हे पुरत नाही. ४० पटीच्या भिंगाखाली फील्ड क्रमांक (आयपीसवर लिहिलेला, दिसणाऱ्या वर्तुळाचा आकडा) २२ असेल तर क्षेत्र सुमारे ०.२४ चौरस मिलिमीटर, १८ असेल तर ०.१६. तीच स्लाइड, पण आकडा दीडपट वेगळा.

वेगळे आजार वगळणे हे या रिपोर्टचे सर्वात महत्त्वाचे काम. बाहेरच्या केराटिनच्या कडेला काचेसारखा एकजिनसी कोलॅजेनचा पट्टा म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. तळथर कुरतडणारी लिम्फोसाइटची ओळ म्हणजे लायकेन प्लॅनस. जुन्या टाक्याच्या वणात न्यूरोमा (चेतातंतूंची गाठ) शोधावा, आणि आस्तराच्या पेशी विचित्र दिसल्या तर कर्करोगपूर्व बदल ओळखायला पी१६ व पी५३ या रंगखुणा लावाव्यात.

शेवटी शब्द. नुसते ‘क्रॉनिक व्हल्व्हायटिस’ लिहिले की पुढचा डॉक्टर अँटिबायोटिक देतो. नुसते ‘नॉर्मल’ लिहिले की घरात ‘तिला काही झालेलेच नाही’ असे ऐकवले जाते. दोन्हींचा त्रास तिलाच. त्याऐवजी असे लिहावे: ‘अविशिष्ट सौम्य लिम्फोसाइटिक दाह; आस्तरात चेतातंतूंची वाढ, स्थान ५ व ७; मास्ट पेशी चौरस मिलिमीटरमागे इतक्या; बुरशी, लायकेन स्क्लेरोसस किंवा पेशींची कर्करोगपूर्व वाढ नाही; हे बदल व्हेस्टिब्युलोडिनियाशी (व्हेस्टिब्यूलपुरत्या व्हल्व्होडिनियाशी) सुसंगत.’ या आकड्यांवरून वेदना किती तीव्र होती किंवा शस्त्रक्रिया किती यशस्वी होईल हे ठरवू नये.

रिपोर्ट हातात असलेल्या स्त्रीने दुखणारे आकडे आणि काढलेले आकडे जुळवून पाहावेत. मूत्रमार्गाजवळ, ११ किंवा १ ला, दुखत राहिले आणि पट्टी ३ ते ९ इतकीच काढली असेल, तर दुखणारा भाग मुळात काढलाच गेलेला नाही. काही महिन्यांनी ५ किंवा ७ ला मऊ गाठ आली तर ती बहुधा बार्थोलिन ग्रंथीची (योनिमुखाजवळची ओलावा देणारी ग्रंथी) नळी बंद झाल्याने आलेली असते. ती तपासून घ्यावी.