‘चोत्तो’ म्हणजे नाही: जपानला शिकायला जाणाऱ्यांसाठी

जपानला निघालेला विद्यार्थी धास्ती घेतो ती भाषेची. पण बऱ्यापैकी भाषा येणारेही अडकतात, कारण तिथे विचारलं तर सगळं नीट सांगतात, न विचारता मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्यामुळे कुठे काय विचारायचं हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

सुरुवात विमानतळावरच. नारिता, हानेदा, कानसाई अशा मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनला झाइऱ्यू कार्ड, म्हणजे रहिवासी कार्ड हातात पडतं. त्याच काउंटरवर पार्टटाइम कामाच्या परवानगीचा अर्ज द्या. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला ती तिथल्या तिथे मिळते. तेव्हा राहून गेलं, तर नंतर इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत उभं राहायचं आणि निकालाची वाट बघायची. मर्यादा आठवड्याला २८ तासांची. हा आठवडा सोमवार ते रविवार असा नसतो. कुठल्याही दिवसापासून सलग सात दिवस मोजले तरी बेरीज २८ च्या आत यायला हवी, आणि दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हीकडचे तास एकत्र धरतात. विद्यापीठाच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत चालतं. दुकानाचा मालक ‘थोडं जास्त झालं तर काय बिघडलं’ म्हणेल, पण व्हिसा वाढवताना जाब तुम्हालाच द्यावा लागतो.

राहायची जागा पक्की झाली की १४ दिवसांत महापालिकेच्या किंवा वॉर्डाच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा उरकून घ्या. मग दवाखान्याच्या बिलातला साधारण ३० टक्के भागच खिशातून जातो. वय २० किंवा त्याहून जास्त असेल तर पेन्शनच्या खिडकीवरही जायला हवं. हप्ता सगळ्यांना लागू आहे. विद्यार्थ्यांना तो पुढे ढकलता येतो, पण अर्ज केला तरच, आणि तोही दर वर्षी नव्याने. नाही केला तर भरणा करण्याच्या चिठ्ठ्या घरी यायला लागतात.

फोन आणि बँक इथे घोडं पेंड खातं. बँकेला जपानी नंबर हवा असतो आणि बऱ्याच फोन कंपन्यांना जपानी बँकखातं. परदेशी क्रेडिट कार्ड चालवून घेणारी स्वस्त सिम कंपनी शोधून आधी नंबर घ्या आणि मग खातं उघडा. सिम नुसत्या डेटाचं नको, कॉलचा नंबर असलेलंच हवं. खात्यावर नाव कताकाना लिपीत लागतं. ‘कुलकर्णी’ कताकानात ‘कुरुकारुनी’ होतं. शेवटी दीर्घतेची आडवी रेघ द्यायची की नाही, वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही, हे एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवा. बँकेत एक आणि कामाच्या ठिकाणी दुसरं नाव दिलं की पगार परत फिरतो, आणि ती एक रेघ सापडेपर्यंत कोणालाच कारण उमगत नाही.

कागदपत्रं महिनाभरात मार्गी लागतात. लॅबला मात्र वेळ लागतो. प्राध्यापकांपुढे एखादी कल्पना मांडली, त्यांनी मान तिरकी केली, दातांतून श्वास आत ओढला आणि ‘चोत्तो...’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर तो नकार आहे. शब्दशः अर्थ ‘जरा’. पुढचं तुम्ही समजून घ्यायचं. ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करू’, हेही बहुतेक वेळा त्याच जातीचं. नवखा विद्यार्थी उत्तराची वाट बघत आठवडे घालवतो. त्यापेक्षा ‘हे करू का?’ असं न विचारता दोन पर्याय आणि तारीख पुढे ठेवावी: ‘शुक्रवारपर्यंत हा नमुना तपासू की तो?’ निवड करताना समोरच्याला नाही म्हणावं लागत नाही, म्हणून उत्तर मिळतं. त्याआधी सेम्पाईला, म्हणजे लॅबमधल्या सीनियरला गाठलं तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

दुसरी सवय होरेन्सोची: होकोकु, रेनराकु, सोदान, म्हणजे अहवाल द्या, कळवा, सल्ला घ्या. (होरेन्सोचा अर्थ पालकाची भाजी, त्यामुळे विसरायची सोय नाही.) प्रयोग फसला तर त्याच दिवशी सांगा. फसल्याचा राग कमी येतो, लपवल्याचा जास्त. संध्याकाळी इतरांच्या आधी निघताना ‘ओसाकी नि शित्सुरेई शिमासु’ म्हणायचं. गुपचूप सटकणं खटकतं.

शाकाहारींनी प्रश्नच बदलावा. ‘यात मांस आहे का?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असू शकतं आणि तरी सूपचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा निघतो. साध्या मिसो सूपमध्येही तो बहुधा असतोच. म्हणून ‘दाशी माशाचा आहे का?’ असं विचारा.

प्रवासाच्या बाबतीत पहिला भ्रम जेआर (जपान रेल्वे) पासचा. हा पास पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी लोकांसाठी आहे, विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. त्याऐवजी गाकुवारी, म्हणजे विद्यार्थी सवलत, घ्या: जेआरचा एकेरी प्रवास १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर मूळ भाड्यात २० टक्के सवलत. शिंकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या जादा आकारावर ती नसते. प्रमाणपत्र विद्यापीठातून आधी काढून ठेवायचं. भाषा शाळेत असाल तर तुमची शाळा जेआरच्या यादीत आहे का, हे विचारून घ्या. हाती वेळ असेल तर सेइशुन १८ तिकीट आहे. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. त्यावर जेआरच्या साध्या आणि रॅपिड गाड्या चालतात, शिंकानसेन नाही. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग ३ किंवा ५ दिवसांचं आणि एकाच माणसासाठी झालं. त्यामुळे मित्रांत वाटून घेण्याचा किंवा मध्ये दिवस सोडण्याचा जुना सल्ला आता निरुपयोगी आहे.

सुट्टीत देशाबाहेर जाणार असाल तर विमानतळावर भरायच्या कार्डावर ‘परत येणार’ या अर्थाचा विशेष पुनर्प्रवेशाचा चौकोन असतो. त्यावर खूण करा, रहिवासी कार्ड दाखवा आणि एका वर्षाच्या आत परत या. व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्या मुदतीच्या आत. खूण राहिली तर जपान सोडताच विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा संपतो आणि व्हिसाची सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.